खुर्चीआधीचा चहा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. बसला, तर मिशी उतरवीन. शेजारची पोरगीही आधी हसलीच. दुसऱ्या दिवशी एका बड्या कंपनीच्या प्रमुखपदासाठी तिची मुलाखत होती. "कितीही ताण आला तरी माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही, काका," असं ती आमच्या सोफ्यावर बसून तोऱ्यात सांगत होती.

"झुरळ पिता येतं का?" मी विचारलं.

"शी! काका!"

"शी म्हणालीस, गेली खुर्ची. आमच्या साबणाच्या कारखान्यात मोठ्या साहेबाची निवड अशीच व्हायची. पदव्या काय, सगळ्यांकडेच असतात. डोकं कुणाचं थंड ते बघायचं. टेबलापलीकडे संचालकांची रांग, अलीकडे आम्ही तिघे उमेदवार. प्रत्येकापुढे चहा, चहात झुरळ. बोटाएवढं, अध्यक्षांपेक्षा दाट मिशांचं आणि जिवंत! सायीला धरून पोहत होतं.

"पहिला किंचाळला. त्याला तिथूनच घरी धाडला. दुसऱ्याने ते चमच्याने अलगद काढलं, रुमालाने पुसलंसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, 'हा फार मायाळू. उद्या कामगारांना काढायची वेळ आली तर रडत बसेल.' उरलो मी.

"'घ्या ना, गार होतोय,' अध्यक्ष म्हणाले. त्या खुर्चीसाठी मी जिवाचं रान केलं होतं गं. कप ओठाशी नेला. मिशी मिशीला लागली. आणि समोर ते सगळे बिस्किटं कुरतडत, माझ्या कपाळावर घाम फुटतोय का ते वाकून वाकून बघत होते. त्यांच्या बोटांना चहा, ओठांवर बिस्किटांचा भुगा! झुरळ परवडलं, पण त्यांची शिसारी आली. कप आपटला. म्हटलं, 'थुंकतो असल्या खुर्चीवर!' आणि ताठ मानेनं बाहेर!"

पोरगी हळूच म्हणाली, "मग काका, उद्या मी जाऊच नको?"

"छे! अजिबात नको."

तेवढ्यात भाजी निवडता निवडता आमची ही कडाडली, "अहो, पोरीला कशाला गंडवताय? अख्खा कप गटागटा प्यायलात, वर 'साखर जरा कमी आहे' म्हणालात! नाहीतर निवृत्त होईपर्यंत कंपनीची गाडी दारात कुणासाठी यायची? आणि त्या संध्याकाळी तुमच्या दाढेत अडकलेली ती काटेरी तंगडी टाचणीनं कुणी काढली?"