वाकडे टाके

एकतीस वर्षांत आपला एकही टाका उसवला नाही, असं टाकेबाई स्वतःच सांगत. ऐकणारे मान डोलवत, कारण त्यांच्यासमोर नाही म्हणायची कोणाची छाती होती? पुढे शिवणाचं दुकान, मागे घर, आणि दोन्हीकडे बिनदिक्कत फिरणारी दोन कुत्री. बटण म्हातारा, मागच्या एका पायानं लंगडा, एका कानानं बहिरा आणि दोन्ही कानांनी हट्टी. काज वर्षाची, अजून अक्कल यायची होती. नवरा गेल्यावर आणि लेक लग्न करून गेल्यावर टाकेबाईंनी ज्यांच्याशी दिवसभर भांडण केलं, ती हीच दोघं.

आता लेक परत आली होती. पोटुशी, सातवा महिना, आणि सोबत नवरा. बाळ होईपर्यंत इथेच राहायचं ठरलं होतं.

जावई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाणी तपासायचा. बाटलीत पाणी भरायचं, उजेडात धरून बघायचं, त्यात काहीबाही थेंब टाकायचे आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. माणूस मुलखाचा घुमा. तीन आठवड्यांत त्यानं बटणच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला नव्हता. काज जवळ आली की पाय वर घेऊन बसायचा. टाकेबाईंनी त्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं होतं, आणि तो तर पाण्याच्याच खात्यातला.

तोच माणूस एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आई, रविवारी तळ्यावर जाऊ या. कुत्र्यांनाही नेऊ."

टाकेबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. ज्याला घरात कुत्रं चालत नाही, त्याला तळ्यावर कशाला हवं? दीड-दोन महिन्यांत बाळ येणार. त्याआधी घर मोकळं करायचा बेत दिसतोय. तळ्यात म्हातारं कुत्रं बुडालं, तर कोण कोणाला विचारतंय?

"नेऊ की," त्या गोड आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड झाला की लेक सावध व्हायची.

"मी दोघांना लाइफ जॅकेटं आणतो," जावई म्हणाला. "बटणच्या पायात जोर नाही."

"विकतची? माझ्या घरात? विकतचं शिवण दोन धुण्यांत दात काढतं. मी शिवते."

जावई मान खाली घालून जेवू लागला. टाकेबाईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

चार दिवस त्यांनी गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला ठेवले. जाड नारिंगी कापड घेतलं. नमुना म्हणून आधी बटणच्या मापाचं एक जाकीट केलं, मग दोघांची दोन. पोटाखालून दोन पट्टे, पाठीवर पिशवीला असतो तसा उचलायचा बंद, त्याला चौपदरी शिवण. आत उत्तम पिंजलेला कापूस, ठासून. कापसासारखं हलकं काय असतं? फुंकर मारली तर उडतो, मग पाण्यावर तरंगायला त्याला काय धाड भरलीय!

जावयानं तयार जाकिटं हातात घेतली. तळहातावर तोलली, दाबली, कापडाला नाक लावलं. "छान शिवलीयत," एवढंच म्हणाला, आणि शनिवारी सकाळी ती गाडीत ठेवतो म्हणून घेऊन गेला. गाडी घेऊन तो कचेरीत गेला, ते थेट संध्याकाळी उगवला. सुट्टीच्या दिवशी कचेरी! टाकेबाईंनी नमुन्याचं जाकीट मुकाट्यानं आपल्या पिशवीत कोंबलं. असावं हाताशी.

रविवारी तळ्यावर पोचले, तर जावई आधी एकटाच काठाला गेला. बाटलीत पाणी भरलं, उन्हात धरलं, मान हलवली. काठाशी हिरवट साय धरली होती.

"इथे नको. या पाण्यानं कुत्री दगावतात. पलीकडे जाऊ."

"इथे तर सगळी माणसं आहेत," टाकेबाई म्हणाल्या.

"माणसं असू देत, पलीकडेच बरं. तिथे ओढा मिळतो, पाणी वाहतं आहे."

पलीकडे चिटपाखरू नव्हतं. पाणी नितळ होतं हे खरं, पण पाहायलाही कोणी नव्हतं. टाकेबाईंच्या मनात पाल चुकचुकली. जावयानं घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी वाटीत ओतलं; टाकेबाईंनी ते पायानं लवंडलं आणि आपल्या बाटलीतलं पाजलं. त्यानं बटणच्या गळ्यातल्या पट्ट्याला लांब दोरी बांधली. तो पाठमोरा होताच टाकेबाईंनी ती सोडली. याची गाठ, नको रे बाबा.

मग त्यांनी गाडीतून जाकिटं काढली, आणि हाताला लागताच थबकल्या. कडक लागत होती. उलटी केली. खालची शिवण उसवून पुन्हा घातलेली! नारिंगी कापडावर पांढरा दोरा, हातानं मारलेले टाके, कुठे बोटभर, कुठे नखभर, गाठी सगळ्या बाहेर. पहिल्यांदा सुई धरलेल्या पोरीनंही लाजावं असलं काम. टाकेबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. केसातली पिन काढून त्यांनी एक टाका उचकटला. कापूस गायब. आत पांढऱ्या फोमचे कापलेले तुकडे, खोक्यात सामानाभोवती घालतात तसले.

चोर! कापूस काढून कचरा भरला, माझ्या शिवणीत! आणि वर "छान शिवलीयत"!

लेक झाडाखाली चटईवर टेकली होती. ओरडून तिला दचकवायला नको, म्हणून टाकेबाईंनी राग गिळला. काजला झाडाला बांधलं. पिशवीतलं नमुन्याचं जाकीट काढून बटणला चढवलं, पट्टे आवळले आणि त्याच्या चांगल्या कानात म्हणाल्या, "मी आहे, तोवर तुला कोणी हात लावणार नाही."

बटणला पाण्यात बदक दिसलं. म्हातारपणात त्याला एवढी धाव कुठून आली देव जाणे, पण तो सरळ पाण्यात घुसला. सुरुवातीला झकास तरंगला. टाकेबाईंनी जावयाकडे असं पाहिलं की पाहून घे. मग नारिंगी रंग गडद होत गेला. बटणची पाठ आधी बुडाली, मग मान. तो वळला, काठाकडे पाय मारू लागला, पण अंगावर कोणी बसल्यासारखा जागच्या जागी. नाक तेवढं वर राहिलं. मग तेही राहिलं नाही.

"बटण!" टाकेबाई किंचाळल्या. ओढायला दोरी नव्हती. त्यांनीच सोडली होती.

जावई बुटांसकट पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग दिसेनासाच झाला. टाकेबाई सोडलेली दोरी उचलून काठाशी धावल्या. लेक उठून उभी राहिली होती. मग पाण्यातून जावयाचा हात वर आला, पाठीवरचा बंद घट्ट धरलेला, त्याखाली लोंबकळणारा बटण.

काठावर आणून त्यानं बटणला पोटाशी धरलं, डोकं खाली केलं, पाठीवर थापा मारल्या. कुत्र्यापासून पाय वर घेणारा तो हाच माणूस. बटण खोकला, ओकला आणि पुन्हा श्वास घेऊ लागला. जावयानं जाकीट सोडलं. ते जमिनीवर ओल्या गोधडीसारखं थपकन पडलं, आणि त्यातून पाणी वाहतच राहिलं.

"हे कुठून आलं?" जावई धापा टाकत म्हणाला. "मी दोन्ही बदलली होती."

"नमुन्याचं," टाकेबाई म्हणाल्या.

लेक रडत रडत म्हणाली, "आई, काल त्यानं कचेरीच्या हौदात बटणच्या वजनाची वाळूची पिशवी जाकिटात बांधून सोडली होती. जरा वेळ तरंगली आणि तळाला गेली. मग दिवसभर बसून फोम भरला. आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली गं त्यानं."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

जावयानं मान खाली घातली. "कापूस पाणी पिणार असं हातात घेतलं तेव्हाच वाटलं होतं, सांगायला आलो होतो, आई. दोनदा. पण तुम्ही दोघांच्या अंगावर ती जाकिटं घालून बघत होतात, हसत होतात. मला नाही जमलं. आणि कुत्र्यांची मला लहानपणापासून भीती वाटते. लहान असताना एक चावलं होतं. बाळ यायच्या आत ती मोडावी म्हणून ही सहल काढली." मग ओलं जाकीट उचलून म्हणाला, "बंद मात्र तुमचाच होता. म्हणून वर आला तो. बाकी काही टिकलं नसतं."

तो बंद दाखवायला त्यानं हात पुढे केला, तेव्हा टाकेबाईंना त्याची बोटं दिसली. प्रत्येक टोकावर सुईचे लाल ठिपके. त्यांना इतकी लाज वाटली की मान वर करवेना. आपल्या हातानं आपण बटणला मारलं असतं, आणि दोष याला दिला असता. जन्मभर दिला असता. त्यांनी ती बोटं धरली आणि पदरानं पुसली.

पुढच्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई दुकानात आली. खुंटीवरचं नारिंगी जाकीट उलटंपालटं करून हसायला लागली. "अहो टाकेबाई, हे काय? पांढरा दोरा, गाठी बाहेर! हे कोणाचं काम? उसवून टाका, नीट घालून घ्या."

टाकेबाईंनी मशीन थांबवलं, उठून तिच्या हातातलं जाकीट घेतलं आणि परत खुंटीला टांगलं.

"ते नीटच आहे," त्या म्हणाल्या. "त्याला हात नाही लावायचा."