शेवटच्या बाकाचा जळफळाट

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो: मी जुना आहे, शेवटचा आहे आणि स्वभावाने जळका आहे. गिरगावातल्या एका इंग्रजी शाळेत, मॅट्रिकच्या वर्गात, मागच्या भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. पुढच्या बाकांना पहिला, दुसरा, तिसरा अशी मानाची नावं आहेत. मला सगळे ‘तो मागचा’ म्हणतात.

माझा जन्म माझगावच्या गोदीतला. मोडीत निघालेल्या गलबताच्या फळ्या रघू सुताराने तासल्या, जोडल्या आणि मी झालो. दमट हवेत माझ्या अंगाला अजून डांबराचा वास येतो. शाळेत आलो तेव्हा वाटलं, आता काय आपला थाट! बघतो तर पुढे तो बसलेला. पहिला बाक. सागवानी, गुळगुळीत, कुणा शेठजीने दिलेला, कपाळाला पितळी पट्टी. त्याला रोज फडकं मिळायचं. मला सहामाहीला, तेही त्याचंच वापरून झालेलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं.

पण खरं दुखणं निराळं होतं. आमच्या शाळेत मुलं नंबराने बसत. हेडमास्तर हेरंबराव पहिल्या बाकापासून प्रश्न विचारत येत. ज्याला उत्तर येईल तो चुकलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसे. म्हणजे बघा, पुढच्या पाचही बाकांना आलं नाही तरच प्रश्न माझ्यापर्यंत पोचायचा. आणि चुकून एखाद्याने माझ्यावरून उत्तर दिलंच, तर तो उठून थेट त्या सागवान्याच्या मांडीवर! ऊब द्यायची मी आणि नाव व्हायचं त्याचं. मग जळू नको तर काय करू?

त्या साली माझ्यावर तुळशीदास बसायचा. माझगावच्या कोळीवाड्यातला, म्हणजे माझ्याच गावचा. बाप समुद्रात गेलेला, आई पुतळाबाई मासळी विकायची. वर्गात उशिरा दाखल झाला म्हणून शेवटचा नंबर. शिवाय पहिल्या बाकावरच्या शरच्चंद्राने नाकाला रुमाल लावून सांगितलं होतं, “सर, ह्याला वास येतो.” अहो, वास तर मलाही येत होता, पण मला तो घरचा वाटायचा.

हेरंबराव पुढे प्रश्न विचारायचे आणि इथे मागे तुळशीदासाचे ओठ हलायचे. भूमितीचा सिद्धांत, इंग्रजी व्याकरण, रोमचा इतिहास, सगळं अचूक. बोटाने माझ्या फळीवर त्रिकोण काढायचा. अख्ख्या शाळेत त्याची योग्यता ठाऊक असलेला मी एकटा होतो, आणि मला ती कुणाला सांगायची नव्हती. माझा तुळशीदास माझ्याकडेच राहू दे, असं मला वाटायचं.

मॅट्रिक म्हणजे युनिव्हर्सिटीचं दार. तिथे चारातले तीन आपटायचे. परीक्षेच्या फॉर्मवर ‘या विद्यार्थ्याची पास होण्याची आशा आहे’ असं हेडमास्तरांनी सही करून लिहायचं असे. हेरंबरावांना शाळेच्या नावाची भारी काळजी. संशय आला की सही नाही! आणि तुळशीदासाच्या मामाने बजावून ठेवलं होतं, यंदा फॉर्म मिळाला नाही तर दसऱ्यापासून शिवडीच्या वखारीत गोण्या उचलायच्या.

फॉर्म भरायच्या आठवड्यात हेरंबरावांनी भूमितीतला एक अवघड सिद्धांत विचारला. शरच्चंद्र अडखळला. दुसरा बाक गप्प, तिसरा गप्प. प्रश्न घरंगळत माझ्यापर्यंत आला! तुळशीदास ताडकन उठला आणि माझ्या खिळ्यात त्याचा कोट अडकला. टर्रर्र! वर्गात हशा पिकला. फाटका भाग हाताने झाकत पोरगं खाली बसलं ते पुन्हा उठलंच नाही.

“येत नाही ना? मग उठलास कशाला?” हेरंबराव म्हणाले आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘आशा नाही.’

मित्रांनो, तो खिळा वर्षभर वर आला होता. बाकाला खिळा आत ओढता येतो का, असं तुम्ही विचाराल. येत नसेलही. पण मी प्रयत्नच केला नाही, हे खरं. उलट कोट अडकला तेव्हा क्षणभर मला आनंद झाला. मग माझ्या फळीवर त्याच्या डोळ्यातलं पाणी पडलं आणि माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई आली. डोक्यावरची टोपली वर्गाच्या दारात उतरवून तिने थेट विचारलं, “मास्तर, माज्या पोराला फॉर्म का नाय?”

“बाई, तो शेवटच्या बाकावर आहे. त्याची आशा नाही.”

“तुमी म्हावऱ्याचा कल्ला उचलून बघितलाव, का नुसतं टोपलीच्या तळाला हाय म्हणून नासकं ठरवलंव? आमी ताजं म्हावरं तळालाच ठेवतो. वरचं उनानं वाळतं.”

“बाई, ही शाळा आहे, बाजार नव्हे!”

“मग बाजारापेक्षा बरं पारखा की!”

हेरंबराव लालबुंद झाले. पण माणूस खोटा नव्हता. पुस्तक उघडून म्हणाले, “आज मागून सुरुवात. तुळशीदास, ऊठ.”

तो जपून उठला. कालचा सिद्धांत त्याने फळ्यावर न अडखळता मांडला. दुसरा प्रश्न, तिसरा, सातवा. प्रश्न माझ्या पुढे सरकायलाच तयार नाही! पुढचे बाक आ वासून मागे बघत होते. त्या सागवान्याकडे त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं. अहाहा, काय गोड वाटलं म्हणून सांगू!

“सर, ह्याने हे पाठ केलंय,” शरच्चंद्र म्हणाला. त्या आवाजातली जळजळ मी बरोबर ओळखली, मी त्यातला जाणकार ना!

हेरंबरावांनी पुस्तक मिटलं आणि पुस्तकात नसलेलं उदाहरण घातलं. तुळशीदासाने जरा वेळ घेतला, पण सोडवलं. हेरंबरावांनी ‘नाही’वर काट मारली, सही केली आणि हुकूम सोडला, “आजपासून पहिल्या बाकावर बस.”

गेला. दप्तर उचलून गेला. मी करकरलो, पण त्याने मागे पाहिलं नाही. परीक्षेपर्यंतचे दोन महिने मी त्याची पाठ बघत काढले.

निकालात त्याचं नाव होतं. पुतळाबाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली. “माजा पोर बसायचा ती जागा दाखवा,” म्हणाली. हेरंबराव छाती फुगवून पुढे झाले. “ही काय! आमचा पहिला बाक!”

तिने त्या पितळी पट्टीला कुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. तुळशीदासाने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग हेडमास्तरांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. कॉलेजात जाणारा शहाणा मुलगा तो. माझा मात्र तिळपापड झाला. वर्षभर घाम कुणी पुसला आणि कुंकू कुणाला! पण भांडू कुठल्या तोंडाने? त्याला अडवून धरणाराही मीच होतो.

मित्रांनो, तुम्ही पुढे बसत असाल तर अधूनमधून मागे वळून बघत जा. कुणाचे तरी ओठ हलताना दिसतील. दिसले की त्याला पुढे बोलवा. माझी काही हरकत नाही. थोडी असेल, पण तिकडे लक्ष देऊ नका.