पापुद्र्यांचे चेहरे

चंपाताईंनी भिंतीवरच्या चित्राजवळ जाऊन जोरात फुंकर घातली. चौदा चेहऱ्यांपैकी तेरा फडफडले. एक हलला नाही.

"वेणूबाईला काय केलंत?"

"नमुना म्हणून रेझिनचा थर दिलाय," तनया म्हणाली. संग्रहालयातल्या वस्तू टिकवण्याचं काम तिच्याकडे होतं. "आता पन्नास वर्षं काही होणार नाही तिला."

"व्हायचं ते होऊन गेलंय. मागच्या पावसाळ्यात वारली ती."

मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर या चौदा जणींनी तीस वर्षं कांदा निवडला होता. काम सुटल्यावर चंपाताईंनी कांद्याच्याच पापुद्र्यांतून सगळ्यांचे चेहरे केले. प्रत्येक पापुद्र्याची फक्त वरची कड खळीनं चिकटवलेली. समोरून कुणी गेलं की चेहरे हलत. आता ते गळू लागले होते. झाडणाऱ्या बाईला सकाळी कधी भुवई सापडे, कधी हनुवटी.

संचालक दिग्विजय यांनी संमतीचा अर्ज पुढे केला.

"सही करा. नाहीतर चित्र उतरवून कोठारात ठेवावं लागेल."

चंपाताईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. पेनाला टोपण लावलं.

"नाही करत."

"अहो, दहा वर्षांत इथे काही उरणार नाही!"

"गळेल तिथं आम्ही येऊन नवं लावू. अजून नऊ जणी आहोत. कोठारात ठेवायचं असेल तर चित्र घरी नेते मी."

"सगळे पापुद्रे बदलले तर मूळ चित्र राहिलं कुठे?"

"मूळ आम्ही आहोत, साहेब."

त्यांनी वेणूबाईच्या कडक झालेल्या चेहऱ्याखाली नख घातलं. दिग्विजय खुर्चीतून उठले. तनया जवळच उभी होती, तिनं अडवलं नाही. कट् आवाज झाला. तो चकचकीत चेहरा चंपाताईंनी टेबलावर ठेवला.

"हा तुम्हाला. पन्नास वर्षं सांभाळा."

मग तनयानं अर्ज स्वतःकडे ओढला.

"ताई, खळ कशाची?"

"मैद्याची. चिमूटभर मोरचूद घालायचा, कीड लागत नाही."

'जतनाची पद्धत' या रकान्यातलं 'रेझिन' तिनं खोडलं. दिग्विजय बघत असतानाच लिहिलं: मैद्याची खळ, मोरचूद, नऊ जणी.

चंपाताईंनी वाकून वाचलं.

"दहा लिही," त्या म्हणाल्या. "सोमवारी लवकर ये. पापुद्रे सोलायला शिकवते."