‘आपल्या कृपेने ठीक आहे’

मी एक जुनी बाळवही आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. आमच्या जपानात बाईला दिवस गेले की नगर कार्यालय तिच्या हाती अशी वही देतं. बाळाचं वजन, पहिला दात, टोचलेल्या लशी, सगळं माझ्यात. फुसाए मला रेशमी रुमालात गुंडाळून ठेवायची. “माझी नात्सुए सासरी निघाली की ही वही तिच्या सामानात देणार,” असं शेजारणींना सांगायची.

नात्सुए वर्षाची झाली, तेव्हा गावच्या सभागृहात तिला देवीची लस टोचली. डॉक्टरांनी माझ्या पानावर लाल शिक्का मारला. लशीला मी नावं ठेवणार नाही. त्या रांगेतली बाकीची पोरं आजही धडधाकट आहेत. पण दहाव्या दिवशी नात्सुएला सणसणून ताप भरला, डोळे फिरले, आकडी आली. शुद्धीवर आली तेव्हा तिची मान ठरत नव्हती. नुकतीच ‘आई’ म्हणायला लागली होती, तेही गेलं.

माझ्यात एक ओळ असते : ‘लशीनंतर प्रकृती कशी होती?’ फुसाएने पेन उचललं, तोच सासूबाई तोमे म्हणाल्या, “काय लिहितेस? डॉक्टरांना बोल लावायचाय? अख्ख्या गावाला टोचलं बिचाऱ्यांनी.”

“पण आई, पोरगी...”

“होईल बरी पोरगी. लोकांच्या जिवाला घोर नको. रीतीप्रमाणे लिही.”

रीत काय, तर कुणीही विचारलं की ‘आपल्या कृपेने ठीक आहे’ म्हणायचं, मग घराला आग का लागलेली असेना! फुसाएने मुकाट्याने तेच लिहिलं. मी काय करणार? वहीला तोंड कुठे असतं!

आठ वर्षं गेली. नऊ वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन घेऊन फुसाएची कंबर मोडायची वेळ आली. मग कायदा झाला, की लशीने इजा झालेल्यांना सरकार भरपाई देईल. उपचार, सांभाळणारं माणूस, फुसाएच्या मागे पोरीचं काय, सारं भरपाईच्या एका अर्जावर अवलंबून होतं.

सासू-सुना मला घेऊन नगर कार्यालयात गेल्या. अर्ज तपासायला ओगुरेसाहेब बसले होते. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, झोळी गळ्यात. डाव्या हाताने त्यांनी मला उघडलं.

“अक्षर तुमचंच ना? मग तुम्हीच लिहिलंय, ठीक आहे म्हणून. लशीचा संबंध कसा जोडायचा आम्ही?”

फुसाए वाकून माफी मागू लागली. माफी! जिच्या लेकराचं आयुष्य गेलं तिने माफी मागायची? संतापाने माझं पान न् पान पेटलं. ज्या पोरीसाठी माझा जन्म, तिच्याविरुद्ध मलाच साक्षीला उभं केलं होतं!

तेवढ्यात कोपऱ्यातून तोमेबाई उठल्या.

“साहेब, हात कसा आहे हो आता?”

“आपल्या कृपेने ठीक आहे,” साहेब सवयीने बोलून गेले.

“ठीक आहे ना? मग काढा ते प्लास्टर!”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

“माझ्या सुनेने तुमच्यासारखंच उत्तर दिलं. मीच द्यायला लावलं, जळो माझी जीभ! आता पानं उलटा. शिक्क्याआधी बसते, रांगते, आई म्हणते, या सगळ्यांपुढे खुणा आहेत. त्या शिक्क्यानंतर एक तरी खूण दाखवा मला!”

साहेबांनी पान उलटलं. मग आणखी एक. सगळी कोरी होती. शेवटी त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, अर्ज पुढे पाठवण्याचा शेरा लिहिला.

मंजुरी यायला आणखी चौदा महिने लागले. सरकारला लस टोचायला एक सकाळ पुरली होती.

मित्रांनो, लस जरूर टोचून घ्या. पण सगळ्यांच्या भल्यासाठी पुढे केलेल्या हाताला इजा झाली, तर त्याला पुराव्यासाठी दारोदार फिरवू नका. आणि माझ्यासारख्या वहीत शिष्टाचार लिहू नका, खरं लिहा. मी काही आता कुणाच्या लग्नाच्या सामानात जाणार नाही. मी नात्सुएच्या उशाशी असते. मंजुरीचा कागद आला त्या दिवशी तोमेबाईंनी ती जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं : ‘ठीक नव्हतं. आम्हाला माहीत होतं.’