हिरामणच्या हातातले डाव

माझी बायको गोदू कोन गावची. तेवढ्यावरून मी फितूर! असली अक्कल आमच्या कप्तानाची, हिरामणची.

आम्ही सगळे निजामपुऱ्यात कापडाच्या कारखान्यात लूम चालवणारे. शिफ्ट सुटली की कबड्डी. त्या साली, अठ्ठ्याहत्तरला, हिरामणनं चढाईचे डाव बांधले. आधीच्या चढाया उजव्या कोपऱ्यावर करायच्या, समोरच्यांचं ध्यान तिकडं खिळवायचं, मंग अचानक डाव्याला लाथ. कधी उलटं. कुठला डाव ते हिरामण हातानं खुणावायचा. पडघ्याच्या, अंबाडीच्या शेतकरी पोरांना आम्ही लोळवलं.

पण कोनसमोर एक डाव लागेल तर शपथ! लाथ निघायच्या आधीच त्यांचा कोपऱ्यावरचा गडी पाय मागं घ्यायचा. तो सामना हरलो, आणि अंतिम सामन्यात पुन्हा कोनच समोर.

मंग काय! मी आलो की यांचं बोलणं बंद. धामणकर नाक्यावर चहा पिताना आमच्याच संघातला रामू म्हणतो, "काय जावईबापू, सासुरवाडीला जाऊन आला काय?" डोकंच फिरलं माझं. या संघापायी गुडघे फोडून घेतले मी!

अंतिम सामना कोनलाच होता. हिरामणनं मला बाहेर बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "फितूर माणूस मैदानात नको." गोदू माहेरच्या बायकांत उभी होती. तिची मान खाली गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसलो धुमसत. आता मलाबी संशय यायला लागला. रामूच फुटला नसेल? का हिरामणच? एकेकाचं तोंड निरखत होतो. तवा दिसलं, कोनचा बाळाराम आमच्या चढाईवाल्याकडं बघतच नव्हता. तो बघत होता हिरामणच्या हाताकडं.

हिरामणनं डाव्या खांद्याला हात लावला, दोन बोटं जोडून फाकवली. अरे देवा! ही तर आमची रोजची खूण. डावीकडच्या लूमवर धागा तुटलाय! लूमच्या खडखडाटात कानात ओरडलं तरी ऐकू येत न्हाय, म्हणून कारखान्यात सगळे हातानंच बोलतात. हिरामणनं डावासाठी त्याच खुणा घेतल्या, आणि आम्हां कुणाला त्यात काही वेगळं वाटलंच न्हाय. बाळाराम आमच्याच मागच्या गल्लीत लूम चालवतो!

मध्यंतराला हिरामणला सांगितलं. त्यानं डोळे बारीक केले. "तुला बरं ठाऊक! सासऱ्यानं सांगितलं?"

मी वळलो आणि मैदानापलीकडच्या बाळारामला अंगठा ओठाला लावून दाखवला. चहाला येतोस? त्यानं सवयीनं लगेच हात हलवला, शिफ्ट सुटल्यावर! मंग चपापला आणि हात मागं लपवला. आमच्या सगळ्यांनी ते बघितलं. रामू तर जमिनीकडं बघायला लागला.

मध्यंतरानंतर मला आत घेतलं. ठरल्याप्रमाणं हिरामणनं खूण डावीची केली आणि मी उजव्याला लाथ घातली. कोनचे पार गोंधळले. सामना आम्ही मारला.

पोरं नाचत होती. हिरामण माझ्यासमोर आला. नुसती कानाची पाळी धरली, कारखान्यात चूक झाली की धरतो तशी.

"हात खाली घे," मी म्हटलं. "फितूर तोंडानं म्हणालास ना? मंग हेबी तोंडानंच बोल. तिकडं गोदू उभी हाय, तिला ऐकू जाईल असं बोल."