न धुतलेलं लुगडं

दवाखान्याच्या आवारात अकरा जनावरं होती: चार गाई, तीन म्हशी, दोन शेळ्या, एक खोंड आणि पोत्यातून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. जनावर जखडायच्या खोड्याचे लोखंडी पाइप पाच. मागचा आडवा गायब. माणसं चौदा, त्यांत बाई एकटी समीक्षा. सकाळपासून तिनं हे सगळं तीनदा मोजलं होतं, कारण हातांना दुसरं काम नव्हतं.

जनावरांचं काम शिकायला गेलेल्या तिला सांगलीतल्या तीन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. बी.एस्सी. झालेल्या समीक्षाला गाईच्या पोटाचे चारही कप्पे पाठ होते. पण गाईच्या पाठीवर हात तिनं कधी ठेवला नव्हता. घरी ऊस आणि ट्रॅक्टर, गोठ्यात मोटरसायकली. "आधी जनावराजवळ टिकतीस का बघ, मग डॉक्टर व्हायच्या परीक्षेचं बोल," असं फौजेतून परतलेल्या वडिलांनी बजावलं होतं. शेवटी शिराळ्याच्या इंद्रजित डॉक्टरांनी एक दिवस दिला, तोही अटीवर. भिंतीशी उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही.

ती या पायावरून त्या पायावर होत होती, तेवढ्यात आकारामतात्यांच्या म्हशीनं लाथ झाडली. शिपाई गुंडा बादलीसकट मागे पडला. हातातला थर्मामीटर फरशीवर फुटला.

"आवं तात्या, म्हस हाय का रणगाडा?" गुंडा कंबर चोळत म्हणाला.

"सड सुजलाय तिचा. हात लावू देत न्हाई."

"धार कोण काढतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच."

"मग धरा की तिला!"

म्हाताऱ्यानं काखेतली पिशवी घट्ट धरली. "आमची कारभारीण अंबूबाई गेल्यापास्नं तिचं लुगडं नेसून बसतो, तवाच उभी ऱ्हाती. हितं चार माणसांत कसं नेसू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. समीक्षाला भिंतीशी राहवेना.

"मी नेसू?"

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

तिनं तात्यांच्या पिशवीतलं हिरवं लुगडं जीन्सवरूनच गुंडाळलं. त्याला शेणाचा, मिसरीचा, घामाचा वास होता.

"धुतलं न्हाई," तात्या पुटपुटले. "धुतलं तर वळखायची न्हाई."

म्हशीनं पदर हुंगला. घशातल्या घशात हुंकारली. समीक्षानं पाठीवर हात ठेवला मात्र, कातडी थरथरली आणि खूर तिच्या गुडघ्याजवळून सणकन गेला.

"सासूला सून पसंत न्हाई गड्या!" मघाशी हसलेला ओरडला.

हशा पिकला. समीक्षाचे कान तापले. आता डॉक्टर घरी जा म्हणणार, या धास्तीनं ती निऱ्या सोडू लागली. समोर तात्यांचा हात पुढे आला होता.

"आण पोरी. तिला हात बी वळखीचा लागतो."

त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली. भर आवारात धोतरावरून लुगडं नेसलं, सावकाश, निऱ्या नीट मोजून, आणि डोक्यावर पदर ओढून घेतला. मग म्हशीशेजारी उकिडवे बसले.

"हो हरणे, हो... हो बाय माझी," आवाज बारीक काढून ते म्हणाले.

म्हशीनं कान पाडले. मघाशी हसणारा शेळीच्या गाठीशी उगाच खटपट करू लागला.

डॉक्टरांनी दुसरा थर्मामीटर काढला आणि समीक्षापुढे धरला.

"शेपूट बाजूला घे. घाई करू नकोस."

"मी हात लावू?"

"मग काय भिंतीवरनं ताप बघतीस?"

तिनं शेपूट बाजूला घेतलं. कोपर म्हशीच्या गरम मांडीला टेकवून थर्मामीटर आत सरकवला. पलीकडून धारेचा आवाज येत होता. तीन सडांचं दूध पांढरं आलं. चौथ्यातून पिवळट गुठळ्या पडल्या. तात्यांनी त्या सडाला बोटं अलगद लावली. म्हैस हलली नाही.

"बोल," डॉक्टर म्हणाले.

समीक्षानं काच पुसून उजेडाकडे धरली.

"एकशे चार पूर्णांक दोन."