ऐसपैस गादी

दादा सुटून येणार म्हणून मी गादी शिवली, चांगली ऐसपैस, दोन माणसांची. गाद्या शिवणं हाच माझा धंदा. आई म्हणाली, "एकट्याला एवढी?"

म्हटलं, "लोळू दे की जरा!"

पण दादा कडेलाच झोपला, कुशीवर, भिंतीला चिकटून. तासाभरात उठून उभा राहिला आणि मला म्हणाला, "पड तू. तुझी पाळी." आत माणसं इतकी कोंबली होती की फरशीवरसुद्धा पाळीपाळीनं झोपायचं. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आमच्या वस्तीतली निम्मी तरणी पोरं आत आहेत. एक घरफोडी झाली की दहाजणांना उचलायचं, ही इथली रीत. चोऱ्या मात्र थांबायचं नाव घेत नाहीत. शेजारचा कुलूपवाला हसतो, "पकडू देत किती पकडायचे ते, माझी कुलपं खपतायत." त्याच्या हसण्याची मला चीड येते, पण खोटं काय बोलतो तो?

हळूहळू दादा गादीच्या मध्यावर सरकला. एका दुपारी हातपाय पसरून चक्क घोरत होता, आणि नेमके शिपाई आले. आदल्या रात्री औषधाचं दुकान फुटलं होतं.

"आत जाऊन आलेले आधी," शिपाई म्हणाला.

रात्रभर तो घरीच होता, हे मी ओरडून सांगितलं. घरच्यांच्या शब्दाला कोण विचारतं? दादानं चादरीची घडी घातली आणि त्यांच्याबरोबर निघाला.

आठवड्याभरात तेच दुकान पुन्हा फुटलं. तीच खिडकी, तसंच गज वाकवणं. खरं सांगते, मला आनंद झाला. चोर बाहेर आहे म्हणजे दादा सुटलाच! तशीच ठाण्यावर धावले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे अजून काही जणांना उचलायला हवं," ते म्हणाले.

मी उठले, तेव्हा त्यांना माझ्या केसांत अडकलेला कापूस दिसला.

"गाद्या शिवता का? तुरुंगात कमी पडतायत. अरुंद लागतील पण, जास्त मावायला हव्यात."

शिवी अगदी ओठांवर आली होती. पण दादा तिथं भिंतीला टेकून पाळीची वाट बघत असणार.

"कितपत अरुंद?" मी विचारलं.

"कुशीवर झोपता आलं म्हणजे झालं."

घरी येऊन मी दादाच्या गादीवर मधोमध कात्री चालवली.